शोस्ताकोविचची क्वार्टेटं: कुणाचं रेकॉर्डिंग ऐकायचं?

प्रश्न: ताई नमस्कार. मी परभणीचा, बँकेतून रिटायर झालोय. जन्मभर ख्याल ऐकला, नाट्यसंगीत ऐकलं, पाश्चात्य संगीताच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. मुलानं चांगले हेडफोन आणून दिले आणि यूट्यूबवर शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराचं आठवं स्ट्रिंग क्वार्टेट सापडलं, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, बस एवढंच, पण सोडवतच नाही, रोज तेच ऐकायलोय. आता घोळ असा झालाय की वेगवेगळ्या ग्रुपनी वाजवलेलं तेच क्वार्टेट ऐकलं तर ते तेच वाटत नाही. एकजण म्हणतो अमेरिकेच्या एमर्सनचा सेट घ्या, दुसरा म्हणतो रशियाच्या बोरोदिनशिवाय बाकी कुणाला हात लावू नका. खरं कोणतं मानायचं? आणि पंधराच्या पंधरा ऐकायची तर एक सेट कोणता?

उत्तर: काका नमस्कार. आधी सरळ उत्तर देऊन टाकते कारण पुढे मी बरंच लांबवणारे. एकच सेट घ्यायचा असेल तर बोरोदिन क्वार्टेटचा (वाजवणाऱ्या चौघांनाही क्वार्टेटच म्हणतात) पहिला सेट, रोस्तिस्लाव दुबिन्स्की पहिल्या व्हायोलिनवर होते तेव्हाचा, त्यात शेवटची दोन नाहीत, ते पुढे सांगते. पण माझं ऐकाल तर एकच सेट घेऊच नका. पंधरा क्वार्टेटं आहेत, पहिलं १९३८ चं आणि पंधरावं १९७४ चं, मधे महायुद्ध झालं, स्टालिन गेला, शोस्ताकोविचची आणखी दोन लग्नं झाली, तब्येत पार ढासळली, आणि एवढ्या सगळ्या काळातलं सगळं एकाच चौघांना सारखंच जमलंय असा एकही सेट मला अजून भेटलेला नाही. त्यामुळे एकेक क्वार्टेट धरायचं आणि ते दोन-तीन जणांकडून ऐकायचं. हे तुम्हाला नवीन नाही, एकच बंदिश दोन घराण्यांच्या गवयांकडून ऐकून कोण कुठे थांबतो, कोण समेवर कसा येतो हे तुम्ही जन्मभर केलंय. फक्त इथे सूर एकही बदलता येत नाही, सगळं कागदावर लिहिलेलं असतं, मग जो काही फरक पडतो तो वेगात, वजनात, आवाज किती खाली नेला त्यात आणि मधल्या मोकळ्या जागेत. ‘यांनी भावना जास्त ओतली’ असं म्हणून आपण मोकळे होतो पण नीट कान दिला की कळतं, तिथे वेग जरा कमी केलाय किंवा सुराला कंप दिलेला नाही, एवढंच असतं.

आता खरं कोणतं ते. मॉस्कोत बेथोवन क्वार्टेट नावाचे चौघं होते, दिमित्री त्सिगानोव, वासिली शिरिन्स्की, वादिम बोरिसोव्स्की आणि सर्गेई शिरिन्स्की. दुसऱ्यापासून चौदाव्यापर्यंत सगळ्या क्वार्टेटांचं पहिलं वादन यांच्या ग्रुपनं केलं, संगीतकार स्वतः तालमीला असायचे, आणि नातं इतकं जवळचं की वासिली गेल्यावर अकरावं त्यांच्या आठवणीत लिहिलं, बारावं त्सिगानोवना, तेरावं बोरिसोव्स्कींना, चौदावं सर्गेईंना अर्पण केलंय, एकेका वादकाला एकेक. म्हणजे मुळाशी जायचं म्हटलं तर हे लोक. ऐकून बघा, तुम्हाला धक्काच बसेल, कारण यांचं वादन बरंच कोरडं आणि पुष्कळ ठिकाणी इतरांपेक्षा वेगवान आहे, कुठेच रडारड नाही, दुःखाच्या जागेवर तर अजिबात रेंगाळत नाहीत. रेकॉर्डिंग जुनी, आवाज कर्कश, व्हायोलिन वरच्या पट्टीत गेलं की कानाला टोचतं, त्यामुळे सुरुवात यांच्यापासून करू नका असंच मी सांगेन. पण मधे कधीतरी नक्की ऐका म्हणजे बाकीच्यांनी काय काय वाढवलंय ते लक्षात येतं.

बोरोदिनवाले वयानं यांच्यापेक्षा लहान, तरीही तेही शोस्ताकोविचना आपलं वादन ऐकवत आलेले. आठव्याची एक गोष्ट सांगतात, हे चौघं त्यांच्या घरी ते वाजवायला गेले, चुका सांगतील म्हणून वाट बघत होते, तर वाजवून झाल्यावर ते डोकं हातात धरून रडत बसलेले, मग यांनी आवाज न करता वाद्यं आवरली आणि निघून आले. आणि तिसरे इंग्लंडचे फिट्झविल्यम क्वार्टेट, केंब्रिजमधे शिकत असताना १९६८ ला जमलेली पोरं, त्यांच्या व्हायोलावाल्यानं तेराव्याची स्वरलिपी मागायला थेट शोस्ताकोविचना पत्र लिहिलं, आणि १९७२ मधे ते आजारी माणूस यॉर्कपर्यंत यांचं ऐकायला आले! म्हणजे तिघांनाही खुद्द संगीतकारानं ऐकलेलं, आणि तिघांचं वाजवणं एकमेकांशी जुळत नाही. मग तुम्हीच सांगा एकालाच खरं कसं म्हणायचं.

आता तुमच्या आठव्यावर येते. जुलै १९६० मधे शोस्ताकोविच पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनजवळ गोह्रिश नावाच्या गावी होते, युद्धावरच्या एका सिनेमाचं संगीत करायला गेले होते, ते राहिलं बाजूला आणि १२ ते १४ जुलै अशा तीन दिवसांत हे क्वार्टेट लिहून झालं. घरी पेटी असेल तर एक करा. पांढरी दोन, काळी दोन, पांढरी एक आणि खालच्या सप्तकातली पांढरी सात, असे चार सूर सावकाश वाजवा, म्हणजे पांढरी एकला सा धरला तर रे, कोमल ग, सा आणि मंद्रातला शुद्ध नी. जर्मन पद्धतीत या सुरांची नावं डी, एस, सी, एच, ती एकापुढे एक ठेवली की जर्मन स्पेलिंगप्रमाणे शोस्ताकोविचच्या नावाची आद्याक्षरं होतात. सुरुवातीला हे चार सूर एकटा चेलो घेतो, मग व्हायोला, मग दुसरं व्हायोलिन, मग पहिलं, आणि पाचही मूव्हमेंटमधे, म्हणजे रचनेच्या पाचही भागांत, ते फिरून फिरून येत राहतात. चार सूर एकदा बोटांत बसले ना, की कुणाच्या रेकॉर्डिंगमधे ते कसे येतात हे आपोआप पकडता येतं, मला तरी तुलनेची याच्यापेक्षा चांगली सुरुवात माहीत नाही.

दुबिन्स्कींच्या बोरोदिनमधे हे सूर जवळजवळ कंप न देता येतात, पांढरेफटक, आणि इतके हळू की पुढचा सूर येतो का नाही असं वाटावं. एमर्सनमधे तेच सूर भरीव आहेत, स्वच्छ, प्रत्येक वाद्याचा प्रवेश वेगळा कळतो. आणि दुसरी मूव्हमेंट जी एकदम अंगावर येते तिथे एमर्सनला तोड नाही, एवढ्या वेगात चौघांची गजं एकत्र पडतात आणि एकही सूर निसटत नाही. त्यांचा सेट अमेरिकेत अ‍ॅस्पेनला १९९० च्या दशकात श्रोत्यांसमोर वाजवून रेकॉर्ड केलेला आहे, २००१ ला ग्रॅमीही मिळालं, तुमच्या मित्रानं सुचवलं ते उगाच नाही. पण त्या वेगात मला एक अडचण वाटते. याच मूव्हमेंटमधे एक ज्यू वळणाची चाल जोरात उसळते, ती शोस्ताकोविचनी आपल्याच १९४४ च्या पियानो त्रिओतून (पियानो, व्हायोलिन आणि चेलो) उचललीय, एमर्सनमधे ती येते आणि तितक्याच वेगात निघूनही जाते, बोरोदिनमधे ती चाल ओळखू येईल एवढं वजन तिला दिलेलं असतं आणि अंगावर काटा येतो तो तिथे.

चौथ्या मूव्हमेंटला तीन आघात आहेत बघा, धाड धाड धाड, मधे एक लांब सूर धरलेला. कुणी म्हणतं विमानविरोधी तोफा, कुणी म्हणतं मध्यरात्री दारावर आलेले पोलीस. काही ग्रुप प्रत्येक वेळी हे आघात आणखी जोरात करत नेतात, नाटक होतं त्याचं. मला ते सारख्या वजनाचे आवडतात, काही फरक न करता आलेले, कारण मग त्या लांब धरलेल्या सुराकडे लक्ष जातं. फिट्झविल्यमचं इथे ऐका, त्यांचं वादन बोरोदिनइतकं घोटीव नाही, कडा खरखरीत आहेत, पण या जागेला तेच शोभतं. आणि याच मूव्हमेंटमधे पुढे चेलो एकदम वर जाऊन गायला लागतो, ती शोस्ताकोविचच्याच ‘लेडी मॅकबेथ’ ऑपेरातली चाल, तिथे मात्र बोरोदिनचे व्हालेंतिन बर्लिन्स्की! हा माणूस १९४५ पासून २००७ पर्यंत त्या एकाच ग्रुपमधे चेलो वाजवत होता, त्यांचा तो वरच्या पट्टीतला बारीक आवाज ऐकल्यावर दुसऱ्या कुणाचा चेलो मला तिथे पुरा पडत नाही.

बोरोदिनचा पहिला सेट तेराव्यापर्यंतच आहे हे लक्षात ठेवा. दुबिन्स्की पुढे १९७६ ला देश सोडून गेले, मग मिखाईल कोपेलमान पहिल्या व्हायोलिनवर आले आणि १९८० च्या आसपास त्यांनी पंधराच्या पंधरा पुन्हा रेकॉर्ड केली. दुकानात, यूट्यूबवर दोन्ही सेट नुसत्या ‘बोरोदिन’ नावानं मिसळून पडलेले असतात तेव्हा वादकांची नावं बघून घ्या, दुबिन्स्की का कोपेलमान. दुसऱ्या सेटचा आवाज कितीतरी चांगला, सूर गोल आणि श्रीमंत, पुष्कळ जाणकार यालाच वरचं स्थान देतात. मला तो जरा जास्तच देखणा वाटतो, दहावं किंवा चौदावं ऐकायला छान, पण आठव्याला आणि तिसऱ्याला मी जुन्याकडेच परत जाते.

शेवटच्या तीन क्वार्टेटांना माझा कौल फिट्झविल्यमला. इंग्लंड-अमेरिकेकडे या तिघांचं पहिलं वादन त्यांनीच केलं आणि १९७५ ते ७७ मधे सगळा सेट रेकॉर्ड केला, म्हणजे शोस्ताकोविच ऑगस्ट १९७५ ला गेले त्याच्या आगेमागे, आणि ते त्या वाजवण्यात कुठेतरी उतरलंय असं मला मनापासून वाटतं. तेरावं एकाच मूव्हमेंटचं, साधारण वीस मिनिटांचं, सगळा भार व्हायोलावर, मधे मधे गजानं वाद्याच्या अंगावर टकटक करायचं असतं, आणि शेवटी व्हायोला एकटा चढत चढत अगदी टोकाच्या सुरावर जातो, तिथे दोन्ही व्हायोलिन येऊन मिळतात आणि तो एकच सूर वाढत वाढत तुटतो. फिट्झविल्यमचा तो शेवट मला आजही पूर्ण ऐकून लगेच दुसरं काही लावता येत नाही. पंधरावं म्हणजे सहा मूव्हमेंट आणि सहाही संथ, अर्ध्या तासाच्या वर. पहिली अशी वाजवा की माश्या उडता उडता मरून पडाव्यात आणि लोक कंटाळून उठून जावेत, असं शोस्ताकोविचनी तालमीत सांगितल्याचं वाजवणारे सांगतात. त्यामुळे जो ग्रुप इथे गोड करायला जातो तो चुकला असं मी धरते. याचं पहिलं वादन लेनिनग्राडच्या तानेयेव क्वार्टेटनं केलं कारण बेथोवन क्वार्टेटचे सर्गेई शिरिन्स्की ऑक्टोबर १९७४ ला, तालमी चालू असतानाच गेले, आणि वाट बघायला शोस्ताकोविचकडे वेळ उरलेला नव्हता. तानेयेवचं रेकॉर्डिंग सापडलं तर सोडू नका, फार साधं वाजवलंय आणि त्या क्वार्टेटला तेच हवंय.

दोन गोष्टी ऐकण्याबद्दल, त्या कुणी सांगत नाही. आठव्याच्या पाचही मूव्हमेंट एकमेकींना जोडलेल्या आहेत, मधे थांबायचंच नाहीये, पण अ‍ॅपमधे त्या पाच वेगळ्या फाइली असतात, दोन गाण्यांमधे गॅप पडत असेल किंवा एक दुसऱ्यात विरघळत असेल तर ती सेटिंग बंद करा, आणि शफल तर चुकूनही नको. सगळ्या गाण्यांचा आवाज आपोआप सारखा करायची एक सेटिंग असते तीही बंद, कारण पंधराव्याच्या दुसऱ्या मूव्हमेंटमधे एकेक सूर जवळपास ऐकू न येण्यापासून सुरू होऊन किंचाळण्यापर्यंत जातो, तिथे कुणी किती खालून सुरुवात केली यातच तर तुलना आहे. दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. परभणीत मे महिन्यात दुपारी कूलर चालू ठेवून शेवटची क्वार्टेटं ऐकण्यात अर्थ नाही, अर्धे सूर पाण्याच्या मोटरीत आणि पंख्यात जातात आणि मग वाटतं की या ग्रुपनं इथे काही वाजवलंच नाही. पहाटे पाचला कूलर बंद करून बसा, टँकर यायच्या आत. दुपारसाठी पहिलं, तिसरं, नववं असली ठसठशीत क्वार्टेटं ठेवा.

प्रश्न: ताई, मी अंबाजोगाईची, इंजिनिअरिंगला आहे. मला आठवं क्वार्टेट मोठ्या ऑर्केस्ट्रात ऐकायला मिळालं, चेंबर सिंफनी असं नाव होतं. ते जास्त भारी वाटलं, मग चौघांचं कशाला ऐकायचं? आणि हे युद्धात मेलेल्यांवर आहे का स्वतःवर, नेटवर दोन्ही लिहिलंय.

उत्तर: तू ऐकलंस ते रुदोल्फ बार्शाई यांनी शोस्ताकोविचच्या परवानगीनं केलेलं रूप, सगळी तंतुवाद्यंच पण खूप जणांनी मिळून वाजवलेली. बार्शाई हे बोरोदिन क्वार्टेटचे अगदी सुरुवातीचे व्हायोलावादक, म्हणजे काम आतल्या माणसाचं आहे, आणि ते तीन आघात तिथे खरंच भयंकर मोठे होतात. भारी वाटलं तर ऐक की, त्यात काही कमीपणा नाही. पण चौघांमधे प्रत्येक जण एकटा असतो, कुणाचा हात थरथरला तर झाकायला शेजारी दहा जण नाहीत, आणि त्या पहिल्या चार सुरांना मला तो एकटेपणा लागतो. पहिली मूव्हमेंट तेवढी दोन्हीकडची लागोपाठ ऐक, मग ठरव.

दुसऱ्याचं उत्तर, दोन्ही. छापलेलं अर्पण फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना आहे, आणि ड्रेस्डेन हे १९४५ च्या बॉम्बफेकीत बेचिराख झालेलं शहर, ते बघूनच त्यांनी हे लिहिलं. पण त्याच आठवड्यात मित्राला, इसाक ग्लिकमानना पत्र पाठवलं त्यात म्हटलंय की मी मेल्यावर माझ्या आठवणीत कुणी क्वार्टेट लिहील असं वाटत नाही म्हणून मीच लिहून टाकलं. त्याच वर्षी त्यांना कम्युनिस्ट पार्टीत जावं लागलं होतं, मनाविरुद्ध. नावाचे सूर, स्वतःच्या जुन्या कामांतल्या चाली, कैदेत मेलेल्यांवरचं एक जुनं क्रांतीगीत, हे सगळं एकत्र आलंय तर एकच अर्थ काढायची घाई कशाला करतेस.

प्रश्न: नांदेडहून, शिक्षक आहे. चौथं क्वार्टेट १९४९ ला लिहून झालं पण वाजलं १९५३ ला असं वाचलं. चार वर्षं का? आणि कुणाचं ऐकावं?

उत्तर: सर, १९४८ ला पार्टीनं ठराव करून शोस्ताकोविच आणि इतर काही मोठ्या संगीतकारांना जाहीर झोडपलं होतं, लोकांना न समजणारं लिहितात म्हणून, त्यांच्या शिकवायच्या नोकऱ्याही गेल्या. त्यात चौथ्याच्या शेवटच्या मूव्हमेंटमधे उघड उघड ज्यू चालींचं वळण आहे आणि तेव्हा तिथे ज्यूंविरुद्ध मोहीम जोरात होती, हे बाहेर काढणं म्हणजे संकट ओढवून घेणं. मार्च १९५३ ला स्टालिन मेला आणि डिसेंबरात बेथोवन क्वार्टेटनं ते वाजवलं. रेकॉर्डिंग म्हणाल तर जुनं बोरोदिन आहेच, पण या एका क्वार्टेटला मी इस्रायलच्या जेरुसलेम क्वार्टेटलाही तितकंच वर धरेन. शेवटच्या मूव्हमेंटमधे बाकीची वाद्यं तारा छेडत असतात आणि वर ती चाल चालते, तिथे ते लोक नाच आणि भीती दोन्ही एकाच वेळी धरतात, आणि आवाज नवा, स्वच्छ असल्यामुळे छेडलेल्या तारा अगदी कानाशी ऐकू येतात. पोरांना वर्गात ऐकवायचं असेल तर हीच मूव्हमेंट घ्या, आधी स्टालिनची तारीख फळ्यावर लिहा आणि मग लावा.

प्रश्न: लातूरहून. मुलगी बारा वर्षांची, व्हायोलिन शिकतेय. तिला यातलं काय ऐकवू? आठवं लावलं तर घाबरली.

उत्तर: मग आठवं तिला आता नकोच, तिचं ती नंतर शोधेल. पहिलं लावा, १९३८ चं, पंधराएक मिनिटांचं, शोस्ताकोविचनी स्वतः ते वसंतातलं, बालपणाच्या चित्रांसारखं आहे असं म्हटलेलं आहे, आणि त्याची दुसरी मूव्हमेंट व्हायोला एकटा सुरू करतो ती चाल तिला एक-दोनदा ऐकून गुणगुणता येईल. एमर्सनचं लावा, कारण त्यात प्रत्येक वाद्य वेगळं कळतं, तिला आपलं व्हायोलिन त्यातून शोधून काढता येईल. ते आवडलं की तिसऱ्याची पहिली मूव्हमेंट.